न बोलावता आलेले मासे

माझी मोठी जाऊ गावतळ्याच्या पायरीवर बसून जिभेने नुसतं टक्-टक् करायची आणि रोहू, कटले तिच्या पायाशी गोळा व्हायचे. करंजाडेच्या बाजूला टॉवर उठले, आमची शेतं गेली, पण तळं आणि तिच्या कणकेच्या चार गोळ्या राहिल्या. त्याचं मला काही नव्हतं. पण माझी सहा वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तर फेकून तिच्यामागे तळ्यावर पळायची. तिला ती मोठी आई म्हणते. मग मी कोण, छोटी? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मीही जाऊन टक्-टक् केलं. एक मासा वळेल तर शपथ!

माझ्या मामेभावाचं मत्स्यतळं आहे. तो एकदा म्हणाला होता, शेण आणि पेंड टाकली की पाणी हिरवं होतं, मासे पोसतात. म्हटलं, मी पोसले की माझ्याकडेच येतील. किती टाकायची, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर कशाला, तेही सांगावं लागलं असतं. रोज दुपारी बादलीत कालवून स्कूटरवरून नेऊन ओतत राहिले. सोसायट्यांचं सांडपाणी तळ्यात आधीच झिरपत होतं. पंधरा दिवसांत पाणी हिरवंगार झालं. जाऊ म्हणाली, वास मारतोय. मला वाटलं, जळतेय मेली.

मग दोन दिवस आभाळ होतं. रविवारी सकाळी सहाला गेले, तर अख्खं तळं वर आलेलं. माझ्या पायरीशी शेकडो तोंडं उघडी, आणि मी अजून टक्-टक्ही केलं नव्हतं! धावत घरी गेले, लेकीला उठवलं, जावेला तर मुद्दाम बोलावलं. लेक टाळ्या पिटत म्हणाली, "आई, तुझ्याकडे आले!" मी गोळ्या टाकल्या. त्या तशाच तरंगत राहिल्या.

जाऊ वाकून बघत म्हणाली, "गो, ते खावाला नाय आलं. पान्यात त्यांचा जीव कोंडलाय."

दहापर्यंत सगळे उताणे झाले. मामेभावाने नंतर फोनवर समजावलं. खताने शेवाळ माजतं. दिवसा ते पाण्याला प्राणवायू देतं, रात्री स्वतःच खातं. उरलासुरला तळाशी कुजणारा गाळ खातो. त्यात आभाळ असलं की दिवसाही पुरेसा तयार होत नाही. पहाटे माशांना काही उरत नाही.

गावाने सोसायट्यांच्या गटाराला शिव्या घातल्या. मी मान डोलावली. माझी पेंड लागलेली बादली जावेने पाहिली होती. लेक तिच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देत होती. मला ते बघवेना. त्याही क्षणी मी जळतच होते, काय सांगू.

जावेने माझ्याकडे पाहिलं आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जा, आईकडं जा. तिला पन वाईट वाटलंय."

लेक आली, माझ्या गळ्यात पडली. तिने पाठवली म्हणून आली.