तिची टेकोड्यांची जागा

माझी मैत्रीण घरात बसायला कधी शिकलीच नाही, आणि त्याची शिक्षा तीस वर्षं मी भोगली.

आम्ही दोघी मारेगावच्या एकाच शाळेत शिक्षिका होतो. मला डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची आणि हातात चहा एवढं मिळालं की बाहेर जग आहे की नाही याची चौकशी मी करत नाही. हिला भिंती दिसल्या की गुदमरायला व्हायचं. चौथीचा वर्ग उचलून कडुनिंबाखाली न्यायची. एकदा साहेब तपासणीला आले तर वर्गात चिटपाखरू नाही, आणि उत्तरं द्यायला मी, कारण त्या दिवशी शाळेचा चार्ज माझ्याकडे. ही मुलांना घेऊन नाल्यावर खेकड्याची बिळं मोजत होती. संध्याकाळी मी तोंड सोडलं तर म्हणाली, "साहेबाले बी पाठवायचं होतं ना तिकडं." 

रविवार तर माझा कधी नव्हताच. सकाळी सातला ही दारात. "चाल वं, तरोटा निघाला." तरोट्याची रानभाजी बाजारात दहा रुपयांना जुडी मिळते हे तिला हजारदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. मग चिखलातून चपला ओढत, साडीला कुसळं लावून घेत, शेताच्या धुऱ्यावर बसून मुंग्यांसोबत भाकरी खायची. वर ही विचारणार, "बरं वाटते का नाही?" मला बरं वाटायचं नाही. मी गेले ती तिच्यासाठी, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

पण खरा संताप टेकोड्यांचा. पावसाळ्यात वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्यांना आमच्याकडे टेकोडे म्हणतात. भाजी अशी होते की मटण बाजूला ठेवावं. दरवर्षी त्याच वारुळाशी निघतात, म्हणून ज्याला जागा सापडली तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. हिनंही सांगितली नाही. मला नाल्याशी एका दगडावर बसवायची आणि एकटी पुढे जायची. येताना पिशवी पदराखाली. सगळं गाव ओलांडताना चेहरा असा, की जणू देवळातून आली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. आणि मी तीस वर्षांची मैत्रीण दगडावर.

मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी आणलं. सुनेनं खाट खिडकीपाशी लावली, तर हिची कुरकुर की खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकीच दिसते. मी रोज दुपारी जाऊन बसायची. एका दुपारी तिनं सुनेला चहा करायला आत पाठवलं, दार लोटायला लावलं आणि हळूच म्हणाली, "मले एकडाव टेकोड्याची भाजी खायची हाये. माह्या जागेची."

म्हटलं, बाजारात येतात, उद्या आणते.

"बाजारातले नोको. तू जा."

जन्मभर जंगलाला नाकं मुरडणाऱ्या बाईला, गुडघे गेल्यावर, हिनं जंगलात धाडायचं ठरवलं. उशीवर बोटानं नकाशा काढला. नाल्याच्या पल्याड तीन पळस, मधल्या पळसाच्या डाव्या हाताला वारूळ. मी विचारलं, डावा हात कुठून बघितल्यावर? "तिकडं गेली की समजते." दोन घास खाल्ले तरी उलटायचे अशी तिची अवस्था होती. ती काही खायला मागते आहे म्हटल्यावर मी जायला तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोनं गावाच्या शिवेपर्यंत गेले आणि पुढे पायी. काळ्या मातीनं चपला पायलीएवढ्या जड झाल्या. नाल्याच्या पल्याड तीन पळस नव्हते, तीसेक होते. तिला फोन लावला तर "हॅलो, कुठं उभी हायेस?" एवढं ऐकू आलं आणि नेटवर्क गेलं. तासभर मी प्रत्येक पळसाच्या प्रत्येक डाव्या हाताला फिरले. शेवटी शेळ्या चारणारा एक म्हातारा दिसला. टेकोड्यांची जागा परक्याला विचारू नये हे मला माहीत होतं. पण गुडघे पुढे जाऊ देईनात. विचारलं.

तो म्हणाला, "मास्तरीण बाईची जागा? थे काय, त्या आंजनाच्या मांगं."

पळस नव्हताच, अंजनाचं झाड होतं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यायलेच माहीत हाये. पन बाई येऊन गेल्याबिगर आमी हात नाई लावत. त्या अर्धे ठेवतेत, मंग आमी नेतो. यंदा आल्या नाईत, म्हनून तसेच हायेत."

वारुळाभोवती टेकोडेच टेकोडे होते. मी पिशवी भरली, उरलेले पदरात घेतले आणि जिंकल्यासारखी परत आले. खरं सांगायचं तर मला तिला चिडवायचं होतं. खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. तुझं गुपित अख्ख्या गावाला माहीत आहे म्हटलं, उगाच पदराखाली लपवत होतीस.

तिनं तोंड खिडकीकडे, त्या टाकीकडे फिरवलं. मग म्हणाली, "मी त थे जमिनीसाठी ठेवत होती. माणसं नेतेत हे मले मालूमच नव्हतं." मला वाटलं, दुखावली. मी जीभ चावली. तेवढ्यात तिनं पिशवीत हात घातला, पदराकडे बघितलं आणि विचारलं, "अन् तू सगळेच काहून आणले?"

मी पदर आवळून धरला.

"म्हताऱ्यानं तुले जागा दाखवली. तू त्याले काय ठेवलं? जा, अर्धे देऊन ये."

मी भांडले. पाय दाखवले. दोन वाजलेत म्हटलं. उद्या देईन म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली की म्हाताऱ्याला दिल्याशिवाय भाजी खाणार नाही. त्या अवस्थेतही हट्ट तोच. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी पुन्हा ऑटो केला, पुन्हा चिखल तुडवला. म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यात टेकोडे घेतले आणि विचारलं, "बाई बऱ्या हायेत ना?" मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी येतील म्हटलं. वाटेत ऑटोत बसून रडले, आणि हिनं मला दोनदा पाठवलं म्हणून तिला मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

संध्याकाळी मी स्वतः भाजी केली. कांदा, तिखट, थोडं तेल, तिला आवडते तशी. ताटलीत घेऊन तिच्याशी बसले. तिनं दोन घास खाल्ले. ते पोटात राहिले. 

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली.

दिवसभरात दोनदा जंगल पालथं घातल्यावर हे. माझा तोल गेला. मीठ बरोबर आहे म्हटलं, तुझ्या तोंडाला चव नाही म्हटलं. ती म्हणाली, "माहं तोंड मले माहीत हाये." सून मध्ये पडली तरी आम्ही थांबलो नाही. दहा मिनिटं मिठावरून भांडलो. मग ती दमून झोपली.

आठव्या दिवशी गेली. त्या आठ दिवसांत तिला फारसं बोलता आलं नाही, त्यामुळे मिठाचं भांडण हेच आमचं शेवटचं धड बोलणं. लोक म्हणतात, ते मनाला लावून घेऊ नका, बाई. मी घेतलेलं नाही. मीठ बरोबरच होतं. ती आज समोर आली तरी मी हेच म्हणेन, आणि तीही ऐकणार नाही. पण समोर यायला हवी होती.