गुप्त आकडे आणि नवरीची साडी

परवा मी टॅक्सीवाल्याला ओटीपी सांगायचं नाकारलं. बँक रोज बजावते, कुणालाही सांगू नका. मी सांगितला नाही, आणि वर स्वतःवरच खूश झालो.

बायकोच्या भाच्याचा साखरपुडा होता, तिकोणा पेठ गावात, नवरीच्या घरी, अकरा वाजता. मुलाकडची मंडळी कान्हे गावाहून परस्पर निघालेली. नवरीला नेसवायची साडी मात्र फॉल-पिको होऊन आमच्याच पिशवीत, लोणावळ्यात. ती पोचेपर्यंत नवरी नुसती पाटाकडे बघत बसणार.

मी मोबाइलवरून गाडी मागवली. परक्या माणसाला घर कळायला नको म्हणून बाजारात, चिक्कीच्या दुकानासमोर बोलावली. फोटोत मिशी होती, समोरच्याला नव्हती. माझा संशय तिथंच पक्का झाला.

"सर, ओटीपी?"

"कशाला हवाय?"

"त्याशिवाय ट्रिप सुरू होत नाही. सगळेच सांगतात."

"म्हणूनच सगळे फसतात!"

त्यानं माझ्या बायकोकडे दयेनं पाहिलं, ट्रिप रद्द केली आणि गेला. घड्याळात पावणेदहा. बायको पिशवी उचलून टॅक्सी स्टँडकडे चालू लागली.

"या भाऊ, कुटं जायचं?" स्टँडवरचा चालक म्हणाला. वर्षानुवर्षं पाहिलेला चेहरा. पाहिलेला, एवढंच. नाव मला आजही ठाऊक नाही.

"तिकोणा पेठ. अकराच्या आत."

"बसा वहिनी. कामशेतवरनं टायमात पोचवतो."

मी ऐटीत पुढं बसलो. फोटो नाही, आकडे नाहीत, आपला माणूस!

"ऱ्हाता कुटं?"

"पोस्टामागं. पिवळं घर, गच्चीवर पत्रा."

"घरी म्हातारं-बितारं?"

"कुणी नाही हो, आम्ही दोघंच. आता उद्या संध्याकाळीच परत."

मागून बायको खोकली. वाऱ्यानं असेल म्हणून मी काच वर केली. कामशेत येईतो त्याला हेही सांगून झालं, की मी किल्ल्या हरवतो, म्हणून आमची किल्ली जास्वंदीच्या कुंडीखालीच असते.

"लय भारी," तो म्हणाला.

अकराला पाच कमी असताना पोचलो. बायको पिशवी घेऊन आत पळाली. मी मांडवात व्याह्यांना मोबाइलच्या गाड्यांचे धोके समजावत होतो, तेवढ्यात ती बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली,

"साडी नेसवली तिला. आता घर जागेवर राहील एवढं बघा. शेजारच्या काकूंना फोन लावा, कुंडीखालची किल्ली आधी उचला म्हणावं."