माकुणसारची खांड आणि न उचलणारी ट्रॉली

वैतरणेच्या खाडीवरचा पूल ओलांडून पॅसेंजर गाडी सफाळ्याला थांबली तेव्हा नुकते उजाडले होते. पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला नजर पोचेल तिथवर पिवळे होत आलेले भात. एका हातात पान्यांची पेटी, दुसऱ्या हातात वळकटी, असा मी मिरजेहून इतक्या लांब आलो होतो. आमच्या गॅरेजातला एक जुना ट्रॅक्टर या भागातल्या माकुणसार गावच्या जनूकाकांनी नेला होता. माल ओतायला त्याची ट्रॉली वर उचलेना, अशी तार आली आणि गॅरेजच्या उस्तादांनी मला धाडले.

जनूकाका बैलगाडी घेऊन स्टेशनवर हजर होते. साठीचे, काटक, डोक्याला पंचा.

"तुमीच मिस्त्री काय? बसा. वाटेत बोलू."

वाटेत त्यांनी सगळे सांगितले. गावाच्या खालच्या अंगाला खाजण आहे (खाडीचे पाणी बांध घालून अडवून पिकात आणलेली जमीन). त्या बांधाला खांड (भगदाड) पडली होती. ओहोटीला गावकरी टोपल्यांनी माती टाकत आणि पुढची भरती ती धुऊन नेई. मोठ्या भरतीचे पाणी आताच कडेच्या शेतांत शिरू लागले होते, आणि पुनवेचे उधाण अजून यायचे होते.

"ते पानी आत आलं का उभा भात गेला. आन् जमीन खारट झाली म्हंजे पुढची कितीक वर्सं काय पिकत नाय," काका म्हणाले. "एकदम ट्रॉलीभर मुरूम ओतला तरच खांड बुजंल. आन् ही ट्रॉली रिकामी असली तर उचलते, भरली का हलत नाय. सगळी म्हनतात, पंप गेला हाय."

पंप गेला असता तर तो मुंबईला न्यावा लागला असता आणि उधाण तेवढे थांबणार नव्हते.

गावात शिरताच हातपाय धुतले. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचे कालवण पुढे आले. ज्वारीवर वाढलेल्या मला ती मऊ भाकरी मोडण्याआधीच संपल्यासारखी वाटली. मग ताडांच्या सावलीत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे गेलो.

आधी तेल पाहिले. पातळी बरोबर होती. मग ट्रॉली सोडून मागच्या दांड्यांना जड नांगर अडकवला आणि इंजिन चालू केले. नांगर अलगद वर उठला.

"पंप गेलेला नाही," मी म्हणालो. जमलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग दोष पंपाच्या पुढे होता. ट्रॉली वर उचलणाऱ्या जॅककडे तेल सोडणारा एक वेगळा व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या बाजूला असतो आणि त्याच्या तोंडाशी पाइपाची जोडणी असते. मला जोडणीचा संशय आला. ती खोलून पुसली, नवे रबर घातले. भरलेली ट्रॉली तरीही जागची हलली नाही. पाइप कुठे गळत नव्हता, जॅकही कोरडा होता. काही न सुचून मी व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. चटका बसला होता. तेल जॅककडे न जाता व्हॉल्व्हच्या आतच वाट काढून टाकीत परत पळत होते आणि त्याने तो तापला होता.

व्हॉल्व्ह खोलला. दाब फार वाढला तर तेलाला वाट करून देणारी एक छोटी स्प्रिंग आत असते. तिचे दोन तुकडे तळहातावर पडले. रिकाम्या ट्रॉलीचा भार ती कशीबशी पेलत होती, भरलेलीचा नाही.

सफाळ्यात तसली स्प्रिंग मिळण्यासारखी नव्हती. गाडीने पालघरला गेलो. तिथल्या पंपांच्या दुकानदाराने तुकडे पाहून मान हलवली. "बोईसरला जा. तारापूरकडे मोठं बांधकाम चाललंय, ठेकेदारांच्या मशिनी तिकडंच दुरुस्त होतात."

बोईसरला स्टेशनाबाहेर पडताच कानावर हिंदी आली. पत्र्याच्या एका शेडमध्ये ठेकेदाराच्या मशिनी सांभाळणारे सरदारजी भेटले. त्यांनी डबा उपडा केला, बोटाने स्प्रिंगा चाळल्या आणि एक उचलली.

"मोटाई वही है, पर सख़्त ज़्यादा है। पेच कस दिया तो पाइप फट जाएगा।"

"पाइप जुना है," मी म्हणालो. "और मेरे पास गेज नहीं है।"

त्यांनी भिंतीवरचे, तेलाचा दाब दाखवणारे प्रेशर गेज काढून माझ्या हातात दिले. "ले जा। पेच ढीला रखकर शुरू करना।"

परत आलो ते थेट कामाला लागलो. स्प्रिंगचे टोक सहाणेवर घासून बसते केले. गेज जोडले, स्प्रिंग दाबणारा पेच सैल ठेवला आणि थोडा थोडा आवळत गेलो. काटा चढत गेला. मुरमाने भरलेली ट्रॉली कण्हली आणि पुढच्या बाजूने वर उठली. माणसांनी एकच गलका केला. पण काठोकाठ भरल्यावर ती अर्ध्यात थांबली.

"अजून जरा आवळा की, मिस्त्री."

"नाही काका. पाइप फुटला तर उधाणाच्या दिवशी हातात काहीच राहणार नाही. ट्रॉली जरा कमी भरा, खेपा वाढवा."

ते मला पटवत राहिले, मी ऐकले नाही. शेवटी त्यांनीच हाक दिली, "कमी भरा रे!"

आता अडचण दुसरीच निघाली. बांधावर ट्रॅक्टर चढेल एवढी रुंदी नव्हती. खांडीपर्यंत जायला एकच वाट होती, ती यमुनाताईंच्या शेतातून. यमुनाताई एकट्या राहायच्या आणि त्यांना तेवढाच तुकडा होता. भात अजून नीट पिकलेही नव्हते. जनूकाका खाली पाहत उभे राहिले.

यमुनाताईंनी पदर खोचला आणि विळा घेऊन त्या स्वतःच्या शेतात उतरल्या.

"उभं राहून काय बघता? खाली वल हाय, चाकं रुततील. कापून आंथरा, म्हंजे गाडी जाईल."

त्यांच्यामागून बाकीच्या बायका उतरल्या. हिरवट लोंब्यांसकट ते भात चाकांखाली अंथरले गेले आणि त्यावरून ट्रॅक्टर खांडीकडे निघाला. व्हॉल्व्हच्या दांडीपाशी मी स्वतः बसलो. प्रत्येक खेपेला माझे लक्ष गेजच्या काट्यावर, काकांचे पाण्यावर. एकदा उतरताना चिखलात पाय गुडघ्यापर्यंत गेला. पाय परत मिळाला, चप्पल नाही. यमुनाताई तेवढ्या एकदाच हसल्या.

पुनवेच्या दुपारी उधाण आले. लाटा नव्हत्या, आवाज नव्हता. गढूळ पाणी हळूहळू फुगत बांधाला भिडले. नव्या मुरमातून एका जागी झरा फुटला, तिथे माणसांनी पेंढा आणि चिकणमाती पायांनी दाबली. पाणी बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली थबकले आणि मग जसे आले तसे मागे सरले. जल्लोष कुणी केला नाही. सगळे आहेत तिथेच बांधावर बसले.

निघताना यमुनाताईंनी सुक्या बोंबलांची पुडी हातावर ठेवली.

"तुमच्याकडं समुद्र नाय ना? मग पीक कशापासून राखता?"

"पाखरांपासून. ज्वारी असते आमची."

"बरंय की. पाखरं हाकलली तर जातात."

बैलगाडीत काकांनी सांगितले, यंदा झोडणी झाली की ज्याच्या त्याच्या खळ्यावरचे भात आधी यमुनाताईंच्या घरी जाणार. हे कुणी ठरवले, असे मी विचारले. काकांना प्रश्नच कळला नाही.

बोईसरला जाऊन सरदारजींचे गेज परत केले आणि परतीची गाडी धरली. खिडकीतून तीच शेते दिसत होती. कुठली खाजणातली आणि कुठली वरची, हे गाडीतून ओळखता येत नव्हते. सगळीकडे सारखेच पिवळे भात आणि मध्ये कुठे वाकलेली माणसे. घरी आल्यावर लोकांनी विचारले, तिकडे काय काय पाहिलेस? मी ट्रॅक्टर, खाडी, बोंबील सगळे सांगितले. यमुनाताई विळा घेऊन शेतात उतरल्या ते मात्र मला नीट सांगता येईना. म्हणून आज लिहून ठेवले.