दारावरचा सत्तेचाळीस

आज सोसायटीच्या गेटला ऑइलपेंट लावत होते. त्या वासाने मी थेट पनवेलच्या खाडीकाठी, आमच्या जुन्या वस्तीत जाऊन पोचले.

सर्व्हेवाले नुकतेच दारोदार लाल आकडे रंगवून गेले होते. आता पक्की घरं मिळणार म्हणून आई हरखली होती. नव्या वस्तूची करतात तशी तिने आमच्या सत्तेचाळीसची हळदकुंकू लावून पूजा केली.

त्याच दुपारी एका संस्थेमार्फत फिलिपिन्समधल्या एका झोपडपट्टीतल्या बायका आमची वस्ती बघायला आल्या. वाळत घातलेल्या सुकटीचा वास घेऊन त्या ओळखीचं हसल्या. त्यांच्यातली एक म्हातारी मात्र आमच्या दाराशी थबकली. तिने आकड्यावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता.

सोबतच्या दुभाषी ताई हळूच म्हणाल्या, "यांच्या दारावरही असेच आकडे टाकले होते. विचारतायत, तुम्हाला कागद काय दिला?"

"कागद कशाला? नंबर हाय ना दारावर!" आई हसली. "सांगा त्यांना, आमी आता पक्के झालो."

म्हातारीने आईचा हात धरला तो सोडेचना. मला वाटलं, तिला आमचं घर फार आवडलं.

बुलडोझर आला त्या सकाळी एकजण यादीतून आकडे पुकारत होता. आमचा त्याला दारावर लगेच सापडला. आईचं त्या दिवशीचं हळदकुंकू लावून झालं होतं.