पायरीवर लय बेस हाय

मी एकदा सरकारला सांगून टाकलं, की आम्हाला काही कमी नाही. वय नऊ, वेणीला लाल चिंधी, आणि अक्कल त्या चिंधीएवढीच.

मळवलीच्या पलीकडचं आमचं गाव. शाळा देवळाच्या मंडपात भरायची. आत गावची पोरं, बाहेर पायरीवर आम्ही महारवाड्यातली चौघं. त्यात मी आणि माझी मैत्रीण चंपी. मावळातला पाऊस तिरपा येतो. गुरुजी आतून सांगायचे, आम्ही पाटीवर लिहायचो, पाऊस पुसायचा.

एक दिवस दिपोटी आला, शाळा तपासणारा साहेब. नाकाला रुमाल लावून चार हात लांब उभा राहिला. म्हणाला, "इथे बसायला त्रास होतो का गं? वेगळी खोली बांधून हवी का?"

गुरुजी आतून मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण दारी आलेल्यापुढं आपली चूल थंड आहे हे सांगायचं नाही, "समदं हाय" म्हणायचं, हे आयनं मला बोलता यायच्या आधीच शिकवलेलं. मी उभी राहिले. चिंब ओली, नाक गळतंय. आणि ठसक्यात म्हणाले, "न्हाई साहेब. हितं लय बेस हाय."

त्यानं वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, माझं कौतुक लिहितोय! दिवसभर मिरवले.

पुढल्या पावसाळ्याआधी कागद आला. गुरुजींनी वाचून दाखवला. मुलांची तक्रार नाही, सबब खोलीची गरज नाही. शाळांसाठी सरकारकडं पैसा नव्हता. लोणावळ्याला साहेबलोकांच्या बंगल्यांकडं जाणारी सडक मात्र रुंद होत होती. तिची खडी फोडायला माझीच आय जायची.

त्या पावसात चंपीला पायरीवरच खोकला धरला. दिवाळीआधी ती गेली.

दिपोटी लोणावळ्याला मुक्कामाला आलाय, असं गुरुजींकडून कळलं. मी रुळाच्या कडेनं चालत गेले. तो एका बंगल्याच्या ओट्यावर पाहुण्यांबरोबर चहा पीत होता. मी फाटकातूनच ओरडले, "साहेब, मी खोटं बोलले. खोली पायजे."

त्यानं ओळखलं. पाहुण्यांना म्हणाला, "हीच ती! ऐका हं." मग मला, "म्हण गं, तेव्हा म्हणालीस तसं. बिस्कीट देतो."

आणि मी म्हणाले! शहाणी ना मी. वाटलं, हसले की खोली देतील. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "पुन्हा म्हण." पुन्हा म्हणाले. त्यानं बिस्कीट फेकलं, कुत्र्याच्या आणि माझ्या मधोमध.

कुत्रा उठला. मी वाकले नाही.

"आता तिसऱ्यांदा."

"न्हाई म्हननार. आमची चंपी मेली त्या पायरीपायी. हे लिवा."

वही निघाली नाही. माळ्यानं मानेला धरून मला फाटकाबाहेर ढकललं.

आय सडकेवर खडी फोडत होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता मारणार, दारात जाऊन भांडले म्हणून. तिचा हातोडा थांबला. म्हणाली, "त्यो पाव्हना नव्हता, पोरी. पाव्हना आपलं खाऊन जातो. ह्यो आपलं दाबून बसलाय. उंद्या मी कामावर जात न्हाई. तू शाळंत आत जाऊन बस. पायरीवर हातोडा घिऊन मी बसते."