भाऊजींच्या लोखंडाला ऊन लागतं

लोखंडाला ऊन लागू नये म्हणून घरच्या माणसांना कोमट पाणी पाजणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर झाला. जैनथच्या रस्त्यावर, आमच्या घराला लागूनच, भाऊजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, टिनाचं शेड, त्यात लोखंड घासायची एक मशीन आणि त्या मशीनला जीव लावून बसलेले भाऊजी. आमच्याकडे कापूस, म्हणून जिनिंग. आणि जिनिंग आली की सरकीपासून रुई सोडवणाऱ्या लांब लांब सुऱ्या आल्या. हंगामाआधी त्या घासून सरळ कराव्या लागतात. फिरत्या चाकाखाली लोखंड तापतं, फार तापलं की निळं पडतं, आणि निळ्या सुरीचं पाणी उतरलेलं असतं, म्हणजे ती कामातून गेली. मला हे कसं ठाऊक म्हणाल, तर आमच्या घरी जेवताना दुसरा विषयच नसतो. भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली, तर भाऊजी ती उजेडात धरून म्हणतात, "वैनी, हिचं पाणी उतरलं बरं."

लोखंड तापू नये म्हणून सगळे कारागीर चाकावर एक दुधासारखं पांढरं औषधी पाणी सोडतात. भाऊजींनीही जन्मभर सोडलं. ते पाणी काम चोख करतं, पण चार दिवसांत नासतं, वास मारतं आणि नालीतून वाहत माझ्या मेथीच्या वाफ्यात येतं. मेथी पिवळी पडायची ती पडायचीच. खरं वाटोळं झालं भाऊजींच्या हातांचं. चैतात काळं रान भेगाळतं ना, तशी बोटं भेगाळली. खाज सुटायची, रक्त यायचं. पंगतीत ते चमच्याने वरणभात खायला लागले, तर लोक म्हणत, "घ्या, आमचे मिस्तरी साहेब झाले!" भाऊजी हसत आणि हात मांडीखाली घेत.

दसऱ्याला आमच्याकडे जम्मीचं, म्हणजे शमीचं, पान सोनं म्हणून देतात. लहानांनी मोठ्यांच्या हातात ठेवायचं आणि पाया पडायचं. भाऊजी ते पान ताटलीत ठेवत, ताटली पुढे सरकवत आणि हात मागे बांधून दुरूनच वाकत. नवख्याला वाटे, काय ताठ माणूस आहे! ताठ कुठला हो. आपल्या हाताची किळस दुसऱ्याला येऊ नये, एवढंच. आमचे हे होते तोवर दर दसऱ्याला थोरल्या भावासमोर तीच ताटली सरकायची, आणि हेही मुकाट्याने पान उचलून टोपीत खोवायचे.

शेवटी डॉक्टर म्हणाला, "ते पाणी सोडा, नाही तर दुकान सोडा." माझी जाऊ लगेच म्हणाली, "दुकान सोडा." भाऊजी म्हणाले, "पानी सोडतो."

तिथून जे प्रयोग सुरू झाले, ते देवा, वैऱ्याच्याही घरी नकोत. आधी बर्फ आणला, मशीन गंजली. मग घरातलं जवसाचं तेल चाकावर सोडलं. जवसाचं तेल वाऱ्याला सुकून गोंदासारखं चिकटतं, हे भाऊजींना मशीन जागची हलेना तेव्हा कळलं. जाऊ माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसली, "ताई, तिकडं मशीन चिकटली आन् इकडं चटणीवर घ्याले थेंब नाही!" मग करडीचं तेल आलं. कपाशीच्या फवारणी पंपाचं तोंड काढून त्यांनी ते टायरमध्ये हवा भरायच्या मशीनला जोडलं. तेलाचा एक थेंब आणि हवेचा जोर, असं धुकं चाकावर उडायला लागलं. पाणी नाही, नाली नाही, वास नाही. नाही कसा, वास होताच, पण भज्यांचा! गरम लोखंडावर करडीचं तेल, अहो, अख्ख्या रस्त्याला भूक लागायची. एकदा एक प्रवासी ऑटोतून उतरून तेलुगूत भजी आहेत का विचारायला लागला, "अन्ना, बज्जी उन्नाया?" भाऊजींनी त्याला खुर्ची दिली आणि लोखंड का तापतं इथपासून सुरुवात केली. बिचारा उठला तोवर त्याचा ऑटो निघून गेला होता.

तरी सुऱ्या अधूनमधून निळ्या पडायच्याच. भाऊजी म्हणाले, "तेलाचा दोष नाही, आपल्याकडची हवाच तापेल हाय. चाकाले गार हवा पाह्यजे." आणि त्यांची नजर माझ्या ओसरीवरच्या नव्या रांजणावर गेली. तांब्याच्या नळीचं वेटोळं करून त्यांनी रांजणात ठेवलं, भोवती वाळू भरली, वाळू ओली केली. हवा एकीकडून शिरायची ती गारेगार होऊन दुसरीकडून निघायची. मी म्हटलं, "जुना रांजण न्या ना, नवाच काऊन?"

"जुन्याची भोकं बुजतात वैनी, पाझरत नाही. आन् मानूस कोमट पानी पिऊन मरत नाही."

"मंग लोखंड मरते काय?"

"मरते ना!" असं ते कळवळून म्हणाले आणि वाळूवर आणखी एक तांब्या ओतला.

पण गिऱ्हाईक पांगत चाललं होतं. राहिली होती एक जिनिंग. तिचं कामही गेलं, तर दुकानाला कुलूप लावायचं, असं वचन जावेने घेऊन ठेवलं होतं. नवरात्राच्या आधी त्या जिनिंगचा फिटर सुऱ्यांनी भरलेला टेम्पो घेऊन आला. खाली उतरायच्या आधीच म्हणाला, "मिस्तरी, तुमी पानी सोडून दिलं म्हणतात. एक सुरी घासून दाखवा. निळी दिसली की टेम्पो यवतमाळले."

भाऊजींनी सकाळपासून मशीन पुसपुसून नवरीसारखी केली होती. सुरी बांधली, रांजणाला हात लावला, आणि चेहराच उतरला. पुसण्याच्या नादात वाळू ओली करायची राहून गेली होती. नळ सकाळीच येऊन गेलेला. जाऊ माझ्याकडे पाहते, मी तिच्याकडे. घरात गार पाणी होतं ते फक्त रांजण गेल्यावर मी पिण्यासाठी आणलेल्या माठात. मी तो तस्साच कडेवर उचलून आणला आणि रांजणात उपडा केला.

"वैनी, तुमाले प्याले?"

"मानूस मरत नाही म्हणे कोमट पिऊन. चालवा!"

चाक फिरलं. ठिणग्या उडाल्या, भज्यांचा वास सुटला. फिटरने सुरी सोडवून उन्हात नेली, या अंगाने पाहिली, त्या अंगाने पाहिली, आणि शेवटी गालाला लावली. आमच्या जावेने डोळेच मिटून घेतले होते.

"पांढरीफटक हाय," फिटर म्हणाला. "उतरवा सुऱ्या. पन मिस्तरी, पोटात आग लावली ना तुमी, तिचं काय करता?"

जाऊ डोळे पुसत आत गेली आणि उरलेल्या करडीच्या तेलात खरीखुरी भजी तळायला बसली.

दसऱ्याला भाऊजी आले. सवयीने मी ताटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, माझा हात धरला आणि तळव्यावर जम्मीचं पान ठेवलं. बोटं खरबरीत होती, पण भेगा बुजल्या होत्या. करडीचा वास येत होता. "वैनी, सोनं घ्या," म्हणाले आणि वाकून दोन्ही हातांनी पाय धरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसरं पान हातात घेऊन ते भिंतीवरच्या यांच्या फोटोसमोर उभे राहिले. मी ताटली शोधायला लागले, तर म्हणाले, "राहू द्या." आणि ते पान त्यांनी आपल्या बोटांनी फोटोच्या चौकटीत, यांच्या टोपीजवळ, हळूच खोवलं.