आंटींचा वरचा सूर

मुंबईत जेवढा म्हणून वारा वाहतो, तो सगळा आपल्याच गळ्यावर टपून बसलाय, अशी खात्री असलेली बाई मी एकच पाहिली. गिरगावच्या वाडीतल्या आमच्या गाणाऱ्या आंटी. मी काळाचौकीहून रोज त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते, त्याला अकरा वर्षं झाली. आंटी चर्चच्या क्वायरमध्ये सोलो गातात. म्हणजे चाळीस माणसं उभी राहून एकत्र गातात तेव्हा त्या पुढे खुर्चीवर गप्प बसून असतात, आणि सगळे थांबले की एकट्या उठतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच संशय आला होता, की यांना बाकीची गाणी येत नसावीत.

पण संशयात आंटींचा हात धरणारं कुणी नाही. ऐन एप्रिलात पंखा बंद, गळ्याला लोकरीचा मफलर. शेजारी मिरचीची फोडणी पडली की खिडकी आपटून म्हणणार, "बघ, बरोबर माझ्या प्रॅक्टिसच्या टायमाला!" मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवतात, कारण "तो ऐकतो गो सगळं." तो वाजला की तांदळात कोपरापर्यंत हात घालायचा. एकदा क्वायरमधल्या दुसऱ्या सोलोवाल्या बाईंनी त्यांना पेपरमिंटची गोळी दिली. आंटींनी ती रुमालात बांधून घरी आणली, उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाल्या, "तू खा." मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला तोंड उघडायला लावून त्यांनी टॉर्चने माझा घसा तपासला.

दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी त्या एक लांबलचक गाणं गातात. तीनशे वर्षांपूर्वीचं, परक्या भाषेतलं. येशूच्या दुःखाचं आहे, एवढं मला कळतं. ते अर्ध्यावर आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मला वाटलं आंटी पुढचं विसरल्या, म्हणून मी पाणी नेऊन दिलं. तर म्हणाल्या, "विसरली नाय गो! परत घरी यायचं, पन ते घर या टायमाला आपल्या मनासारखं सजवायचं." त्या सजवण्यात त्या एका ठिकाणी एकदम वर जायच्या. तो सूर कागदावर लिहिलेलाच नाही, त्यांचा स्वतःचा. पण गेली कित्येक वर्षं लोक त्याच्यासाठी थांबतात.

यंदा तो सूर लागेना. आंटींनी खिडकीवर संशय घेतला, मग कढीतल्या सोलांवर, मग माझ्यावर. त्यातच क्वायरचे सर चहाला आले आणि जाता जाता म्हणाले, "वडाळ्याच्या त्या मुलीकडूनही हा सोलो बसवून घेतोय. गरज पडली तर असू दे." दार लागल्याबरोबर आंटी माझ्याकडे वळल्या.

"वरचं लागत नाय, ते कुनाला बोललीस?"

"नाही, आंटी."

"मग त्याला कसं कळलं?"

मी कुणाशी धड चार शब्द बोलत नाही. तरी पुढचे आठ दिवस त्या मला फाटकापर्यंत सोडायला येत होत्या, मी कुणापाशी थांबते ते बघायला.

कार्यक्रमाला मी मागच्या बाकावर बसले होते. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. वर जायची जागा आली. आंटी क्षणभर थांबल्या आणि खाली उतरल्या, हळूहळू, जपून, अंधाऱ्या जिन्यावरून उतरावं तसं. सरांनी डोळे मिटले. सगळ्यांना ती यंदाची नवी सजावट वाटली.

बाहेर आंटींनी मला गाठलं. "वर का नाय गेली, ते नाय विचारनार?"

"मला त्यातलं काय कळतंय, आंटी? छान झालं."

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ रोखून पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. मग त्यांनी गळ्याचा मफलर काढला आणि माझ्या हातात दिला. "धर. गरम होतंय."

आता दर मंगळवारी ती वडाळ्याची मुलगी वाडीत शिकायला येते. आंटींनीच तिला बोलावून घेतलं. ती आली की त्या सगळ्या खिडक्या लावतात, काय खाऊन आलीस म्हणून उलटतपासणी घेतात, मफलर तिच्या गळ्यात अडकवतात. स्वतःच्या डोक्यावरचा पंखा मात्र हल्ली चालू असतो. मुलीचा वरचा सूर अगदी सहज लागतो. तो लागला की आंटी स्वयंपाकघराकडे बघतात, मी कान देऊन ऐकतेय का ते.

मी तेवढ्यात नळ मोठा सोडते.